सॅच्युरेशन ९९, आणि माणूस गुंगीत

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण यातली चूक माझी होती आणि ती टाळायला लागणारं सगळं शरीरशास्त्र मला तेव्हाही तोंडपाठ होतं. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

रात्री ११.१०

रुग्ण ६६ वर्षांचे गृहस्थ. चाळीस वर्षं सिगारेट, दिवसाला साधारण पाकीटभर. सहा वर्षांपूर्वी सोडली. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचं, निदान चार वर्षांपूर्वीचं, दोन इनहेलर चालू. जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायचं, आंघोळ केली की धाप लागायची, पण स्वतःचं सगळं स्वतः करायचे. पाच दिवसांपूर्वी सर्दी झाली, मग खोकला वाढला, पांढरा बेडका पिवळा-हिरवा झाला. तीन रात्री आडवं होता आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मुलीने घरच्या ऑक्सिमीटरवर पाहिलं तर ८३. रुग्णवाहिका आली, तोंडावर पिशवीचा मास्क चढला, मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन सुरू झाला आणि आमच्या दारात उतरेपर्यंत आकडा ९९ झाला होता.

मी पाहिलं तेव्हा काका खाटेच्या कडेला बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, धड पुढे झुकलेलं, खांदे वर चढलेले. मास्कच्या आत ओठांचा चंबू करून ते हळूहळू श्वास सोडत होते. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला दोरीसारखे ताणले जात होते. श्वास घेताना खालच्या बरगड्या बाहेर यायला हव्यात, त्या उलट आत ओढल्या जात होत्या. काही विचारलं तर दोन शब्द, मग श्वास, मग पुढचे दोन शब्द. श्वासाची गती मिनिटाला ३२, नाडी ११८, रक्तदाब १५०/९०. स्टेथोस्कोप लावला तर दोन्हीकडे हवेचा आवाज लांबून आल्यासारखा मंद, आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी. एक्स-रेत न्यूमोनिया नव्हता, फुप्फुस फुटून बाहेर आलेली हवाही नव्हती. होती ती लांबट, काळीशार, फुगलेली फुप्फुसं आणि त्यांच्याखाली सपाट पडलेलं श्वासपटल.

नेब्युलायझरमधून श्वासनलिका मोकळ्या करणारी दोन औषधं दिली, स्टेरॉइड दिलं, अँटिबायोटिक सुरू केलं. इथवर ठीक होतं. मग मी ऑक्सिमीटरकडे पाहिलं. ९९. मास्क तसाच ठेवला. धमनीतलं रक्त तपासायला घ्यायचं होतं, ते ‘औषधांचा परिणाम बघू, मग घेऊ’ म्हणून मागे पडलं. निघताना काकांनी माझी बाही धरली. “झोपेची गोळी... द्या डॉक्टर... तीन रात्री... जागतोय.” ती मात्र मी दिली नाही. अशा दमेकऱ्याला झोपेची गोळी देणं म्हणजे श्वास ओढणाऱ्या एकुलत्या एका माणसाला कामावरून उठवणं.

घेण्यापेक्षा सोडणं अवघड

दम लागलेल्या माणसाकडे पाहिलं की आपल्याला वाटतं, याला हवा आत घेता येत नाहीये. काकांची अडचण उलटी होती.

फुप्फुसांना स्वतःला हलवणारा स्नायू नाही. श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी मोठी होते आणि फुप्फुसं तिच्याबरोबर ओढली जाऊन फुगतात. हे श्वास घेणं. याला कष्ट लागतात. श्वास सोडायला निरोगी माणसाला काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपल्या लवचीकपणानेच आटतं आणि हवा बाहेर पडते. आत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर क्षेत्र भरेल, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा. लाल पेशी या पडद्याजवळून विश्रांतीच्या वेळी पाऊण सेकंदात निघून जाते, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन भरून झालेला असतो. इतकी ऐसपैस सोय असते, म्हणूनच फुप्फुसांचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही.

वायुकोशांच्या या भिंती आणखी एक काम करतात, आणि ते फारसं बोललं जात नाही. बारीक श्वासनलिकांना कूर्चेचा आधार नसतो. चहूबाजूंनी लागलेल्या वायुकोशांच्या भिंती त्यांना तंबूच्या दोऱ्यांसारख्या ताणून उघड्या ठेवतात. वर्षानुवर्षांच्या धुराने, मग तो तंबाखूचा असो, लाकूडफाट्याचा असो किंवा कामाच्या ठिकाणच्या धुळीचा, या भिंती झिजतात, दोऱ्या तुटतात. फुप्फुसाची आटण्याची ताकदही जाते. आता श्वास सोडताना नलिका मध्येच मिटते आणि तिच्या मागची हवा आत अडकते. काका ओठांचा चंबू करत होते ते यासाठीच. ओठ आवळले की बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब आत जरा टिकतो आणि नलिका उशिरा मिटते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, शरीराने शोधून काढलं होतं.

अडकलेली हवा काय करते ते अनुभवायचं असेल, आणि छातीचा वा हृदयाचा आजार नसेल, तर एक करून बघा. छाती भरून श्वास घ्या. आता त्यातला थोडासाच सोडा, आणि त्या भरलेल्या छातीवरच पुढचे चार-पाच श्वास घ्या. पूर्ण सोडायचं नाही. तिसऱ्या श्वासाला छाती दुखायला लागते आणि जीव घाबरतो. काका तीन दिवस असा श्वास घेत होते. त्यांचं श्वासपटल आधीच खाली दाबलं गेलेलं होतं. सपाट झालेला स्नायू आणखी कुठे सरकणार? तो आकसला की बरगड्यांनाच आत ओढतो. मला दिसलेल्या आत जाणाऱ्या बरगड्या त्या याच.

आता गणित. निरोगी माणूस मिनिटाला बारा वेळा, दर वेळी अर्धा लिटर हवा घेतो असं धरू. त्यातली १५० मिली नाक, घसा, मोठ्या नलिका यांतच राहते. तिथे देवाणघेवाण होत नाही. उरली ३५०, म्हणजे मिनिटाला ४.२ लिटर हवा कामी येते. काकांचा श्वास उथळ, २५० मिलीचा धरला तर ३२ वेळा मिळून ८ लिटर होतात. बघणाऱ्याला वाटेल, हे तर जास्तच हवा घेतायत. पण दर श्वासातली १५० मिली वाटेतच गेली की कामी येणारी उरते ३.२ लिटर. शिवाय सीओपीडीत काही भाग असे असतात जिथे हवा पोचते पण रक्त धड पोचत नाही, म्हणजे वाया जाणारा वाटा आणखी मोठा. कष्ट कितीतरी पटींनी वाढलेले आणि मिळकत घटलेली.

कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर किती जाणार, हे जवळजवळ सगळं या कामी येणाऱ्या हवेवर ठरतं. ती निम्मी झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट होतो. ऑक्सिजनचं तसं नाही. तो कमी पडला तर नळी लावून वाढवता येतो.

१२.४०

काकांच्या मुलीने मला दोनदा थांबवलं होतं. पहिल्यांदा विचारायला, “बाबांना आता बरं आहे ना?” दुसऱ्यांदा सांगायला, “डॉक्टर, बाबांना जरा झोप लागलीय. एवढ्या रात्रींनी पहिल्यांदा. उठवू नका हं.” मी लांबूनच पाहिलं. मान उशीला टेकलेली, खांदे सैल पडलेले, मानेचे स्नायू आता ताणले जात नव्हते. पडद्यावर ९९. मलाही हायसं वाटलं.

रात्रपाळीच्या सिस्टरांना वाटलं नाही. त्या आकड्यावर थांबल्या नाहीत. घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट त्यांनी श्वास मोजले. चौदा. मग हाक मारली, खांदा हलवला आणि मला बोलावलं. “काका हाकेला नीट ओ देत नाहीयेत. आणि हात बघा, किती गरम आहेत.”

हात गरम होते, घामट होते, नाडी भरदार उसळत होती. काकांनी डोळे उघडले, “डोकं...” एवढंच म्हणाले आणि पुन्हा मिटले. त्यांचे हात पुढे धरून पंजे मागे वळवले तर काही क्षणांनी पंजा गळून खाली पडायचा, परत वर यायचा, परत पडायचा. पंख फडफडावेत तसा. हे सगळं मी परीक्षेत दहा वेळा लिहिलं आहे: वाढलेला कार्बन डायऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो म्हणून हात गरम आणि डोकं जड, मेंदूत सहज शिरून तिथली आम्लता वाढवतो म्हणून गुंगी, आणि ही हातांची फडफड.

३२ वरून १४ वर आलेला श्वास हा आराम नव्हता. थकलेले स्नायू हात टेकत होते आणि त्यांना हाकणारा मेंदू पेंगत होता.

धमनीतलं रक्त घेतलं. पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता सांगणारा आकडा (कमी म्हणजे आम्लता जास्त), ७.२४, असायला हवा ७.३५ ते ७.४५. कार्बन डायऑक्साइडचा दाब ८२ मिलिमीटर पारा, असायला हवा ४०च्या आसपास. आम्लता शमवणारं बायकार्बोनेट ३४, नेहमी असतं २४. ऑक्सिजनचा दाब १५८.

या चार आकड्यांत सगळी कहाणी आहे. बायकार्बोनेट ३४ सांगतं की कार्बन डायऑक्साइड साठण्याची सवय जुनी आहे. मूत्रपिंडांना इतकं बायकार्बोनेट धरून ठेवायला काही दिवस लागतात, ते तासाभरात होत नाही. पीएच ७.२४ सांगतो की त्या जुन्या साठ्यावर आज नवी भर पडली आहे आणि ती सांभाळायला मूत्रपिंडांना वेळ मिळालेला नाही. आणि १५८ सांगतो की ऑक्सिजन आम्ही गरजेच्या दुपटीहून जास्त दिला होता. ६०चा दाब असला तरी हिमोग्लोबिन ९० टक्के भरलेलं असतं. त्यापुढे आलेख जवळपास आडवा जातो. दाब शंभर असो वा दोनशे, ऑक्सिमीटर ९८-९९च दाखवणार.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवतो आणि किती हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय तेवढं सांगतो. १९७४मध्ये जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी या यंत्रामागची कल्पना मांडली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण कार्बन डायऑक्साइडबद्दल ते यंत्र मुकं आहे. त्याहून मोठा धोका असा की जादा ऑक्सिजन चालू असला की ते श्वास मंदावल्याचंही सांगत नाही. साध्या हवेवरच्या माणसाचा श्वास मंदावला तर आकडा लवकर घसरतो आणि सगळे धावतात. मास्कवरच्या माणसाचा आकडा ९९वरच बसून राहतो.

ही चूक माझ्या आधी फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. १९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास आणि गिळणं अडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टर त्याला रक्त अल्कधर्मी झाल्याचं लक्षण समजत होते. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ओळखलं की हे सगळं साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आहे. ऑक्सिजन मिळूनही ही माणसं श्वास अपुरा पडल्याने मरत आहेत. त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी दाबत तिला हाताने श्वास दिला, आणि ती वाचली. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, खाटेशेजारी बसून, दिवसरात्र पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचा आयसीयू तिथून जन्मला.

त्या ऑक्सिजनने नेमकं काय केलं

आम्हाला शिकवलं गेलं होतं ते असं: सीओपीडीच्या रुग्णाचा मेंदू कार्बन डायऑक्साइडला निर्ढावतो आणि ऑक्सिजनच्या कमतरतेवरच श्वास चालू ठेवतो, ऑक्सिजन दिला की ती टोचणी जाते आणि श्वास थांबतो. यात तथ्य आहे, पण गोष्ट एवढीच नाही, आणि एवढीच मानल्याने दोन्ही बाजूंनी नुकसान झालंय. काहींनी श्वास जोरात चालू आहे म्हणजे धोका नाही असं मानलं. काहींनी भीतीपोटी ऑक्सिजन द्यायचंच टाळलं.

फुप्फुसाची एक शहाणी सवय आहे. ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी १९४६मध्ये हे दाखवलं. भरपूर ऑक्सिजन दिला की खराब भागातही थोडाफार ऑक्सिजन पोचतो, तिथल्या वाहिन्यांना वाटतं सगळं आलबेल आहे, त्या सैल होतात आणि रक्त पुन्हा अशा वायुकोशांकडे जायला लागतं जिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडूच शकत नाही. माझ्या मते काकांच्या बाबतीत मोठा वाटा याचाच होता.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. ऑक्सिजन सोडून रिकामं झालेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड जास्त धरतं. ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन तो सोडून देतं. १९१४मध्ये क्रिस्टियानसन, डग्लस आणि हॉल्डेन यांनी हे मोजलं. निरोगी माणसात सुटलेला वायू लगेच उच्छ्वासावाटे जातो. काकांकडे तो बाहेर टाकायची सोय नव्हती, म्हणून तो रक्तातच राहिला.

रुग्णवाहिकेतल्या लोकांना मी दोष देणार नाही. ८३ला ऑक्सिजन द्यायलाच हवा होता, कारण ऑक्सिजनची तीव्र कमतरता मिनिटांत जीव घेते. प्रश्न किती द्यायचा याचा आहे. २०१०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला सॅच्युरेशन ८८ ते ९२ राहील इतकाच मोजून. सीओपीडी नक्की असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पहिल्या गटात ९ टक्के होतं, दुसऱ्यात २. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने त्याआधीच, २००८मध्ये, हीच मर्यादा सांगितली होती. मला हे माहीत होतं. दारात ९९ दिसल्याबरोबर ऑक्सिजन कमी करायला हवा होता.

मास्क हातात धरून

आता मोह होतो तो मास्क ओढून काढायचा. ती दुसरी चूक झाली असती. साध्या हवेत, समुद्रसपाटीला, वायुकोशातला ऑक्सिजनचा दाब काढायचा सोपा हिशोब आहे: १५०मधून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाची सव्वापट वजा करा. निरोगी माणसात १५० वजा ५०, म्हणजे १००. काकांचं? ८२ची सव्वापट जवळजवळ १०३. उरले ४७, आणि रक्तात पोचेल तो त्याहूनही कमी. साठलेला कार्बन डायऑक्साइड जागा अडवून बसलेला असतो आणि तो लगेच हलत नाही. म्हणून ऑक्सिजन एकदम काढला तर माणूस आला होता त्यापेक्षा वाईट अवस्थेत जातो.

आम्ही पिशवीचा मास्क काढून २८ टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क लावला. कॅम्पबेल या डॉक्टरांनी १९६०मध्ये नेमक्या अशाच रुग्णांसाठी हा मास्क सुचवला होता. रुग्ण जोरात श्वास घेवो की हळू, ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेलंच राहतं. नेब्युलायझरही ऑक्सिजनवरून काढून साध्या हवेच्या पंपावर घेतला. सॅच्युरेशन ९०वर आलं. मुलीने पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. “कमी होतंय!” बापाचा आकडा घसरताना बघणाऱ्या माणसाला ‘हे चांगलं आहे’ असं सांगणं सोपं नव्हतं. मी तिला सांगितलं की आकडा चांगला दिसत होता तेव्हाच बाबा बिघडत होते, आणि ते माझ्या वेळेत ध्यानात आलं नाही, चूक माझी. श्वासाचं यंत्र लावतोय. त्याने नाही सुधारले तर घशात नळी घालून आयसीयूत न्यावं लागेल, हेही सांगितलं.

बायपॅप हे यंत्र नाका-तोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दोन दाबांनी हवा देतं. श्वास घेताना जास्त दाब, त्यामुळे २५० मिलीचा श्वास ४००-४५०चा होतो आणि थकलेल्या श्वासपटलाचं ओझं हलकं होतं. सोडताना कमी दाब, पण शून्य नाही. तो बारीक नलिकांना मिटू देत नाही. काका करत होते तोच ओठांचा चंबू, यंत्राने केलेला. वरचा दाब १२, खालचा ५ ठेवून सुरुवात केली.

पट्टे आवळण्याआधी मास्क आधी हाताने धरायचा असतो. गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडावर कोणी घट्ट काही दाबलं तर तो झटकणारच. काकांनीही गुंगीतच झटकला. मी खाटेवर बसलो, मास्क चेहऱ्यापासून बोटभर लांब धरला, हवा गालाला लागू दिली. “काका, यंत्र श्वास देतंय, तुम्ही नुसता सोडा. सोडा. अजून सोडा.” मग टेकवला, दोन श्वास, परत उचलला. दहा मिनिटं हेच. उलटी होऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून सिस्टर सक्शन, म्हणजे तोंडातला द्रव ओढून घेणारी नळी, घेऊन शेजारी उभ्या होत्या. यंत्राचा आणि छातीचा ताल जुळला की कळतं. पोट मऊ होतं, भुवया खाली येतात. मग पट्टे बांधले आणि वरचा दाब टप्प्याटप्प्याने १८पर्यंत नेला.

बायपॅपचं महत्त्व १९९५मध्ये ब्रोशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठळकपणे दाखवलं. सीओपीडी बळावलेल्या ८५ रुग्णांमध्ये, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना घशात नळी घालावी लागली, मास्कवरच्यांपैकी २६ टक्क्यांना. मृत्यू २९ टक्क्यांवरून ९वर.

तासाभराने पुन्हा रक्त घेतलं. पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइड ७०. पहिल्या तासात पीएच वर सरकणं ही सगळ्यांत भरवशाची खूण असते. पहाटे चार वाजता काकांनी डोळे उघडले, मास्कखालून काहीतरी म्हणाले. क्षणभर मास्क उचलला. “पाणी,” आणि मग, “तू घरी गेली नाहीस का गं?” मुलगी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ५८. तीन दिवसांनी बायपॅप पूर्ण निघालं, आठव्या दिवशी ते घरी गेले.

नंतर

निघण्याआधी त्यांच्या फाइलवर आणि खिशात मावेल अशा कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘कार्बन डायऑक्साइड साठतो. सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवावं.’ मुलीला ते तोंडी समजावलं, तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे घरी ९० दिसलं तर घाबरायचं नाही?” नाही. पण बाबा दिवसा पेंगायला लागले, सकाळी डोकं धरून बसले, बोलताना घोळ करायला लागले, तर आकडा कितीही असो, यायचं.

सहा आठवड्यांनी ते तपासणीला आले, तेव्हा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकलेली हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते हे यंत्राने मोजायची चाचणी, केली. जॉन हचिन्सन यांनी १८४६मध्ये पुढे आणलेलं हे यंत्र. आजही याहून प्रामाणिक चाचणी मला माहीत नाही. काकांनी छाती भरून घेतली आणि फुंकायला लागले. निरोगी माणसाची बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. काकांची पहिल्या सेकंदात फक्त ०.९ लिटर आली. ते फुंकतच राहिले. पाच सेकंद, आठ सेकंद. चेहरा लाल झाला, आलेखाची रेघ मुंगीच्या चालीने वर सरकत राहिली. अकराव्या सेकंदाला ते थांबले. तोवर एकूण २.४ लिटर. म्हणजे एकूण हवेच्या ३८ टक्केच पहिल्या सेकंदात. हे प्रमाण ७०च्या खाली गेलं की अडथळा आहे असं धरतात. मुलगी शेजारी उभी राहून रेघ बघत होती. “म्हणजे बाबांना श्वास संपवताच येत नाही,” ती म्हणाली. इतक्या नेमक्या शब्दांत मीही कधी सांगितलं नव्हतं.

साध्या हवेवर ऑक्सिजनचा दाब ५८ आला, कार्बन डायऑक्साइड ५२. घरी दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन द्यायचा तो साधारणपणे दाब ५५ किंवा त्याखाली असला तर, म्हणून सध्या तो लागला नाही. इनहेलर ओढायची पद्धत पुन्हा दाखवली, कारण चार वर्षं ते औषध घशातच बसत होतं. फ्लूची लस दिली. फुप्फुसांसाठीचे व्यायाम सुरू केले: चालणं, मांड्या आणि हात बळकट करणं, ओठांचा चंबू करून सोडायचा श्वास, जो त्यांना आधीच येत होता.

आठ महिन्यांनी त्यांना पुन्हा संसर्ग झाला. रुग्णवाहिकेत चढताना मुलीने कार्ड दाखवलं. त्यांना आणलं तेव्हा तोंडावर व्हेंचुरी मास्क होता, पडद्यावर ९० होतं आणि ते हातवारे करून आमच्या सिस्टरांना ओळख देत होते. दारातच धमनीतलं रक्त घेतलं: पीएच ७.३५, कार्बन डायऑक्साइड ५६. बायपॅप लागलं नाही. मी खाटेशेजारी उभं राहून घड्याळ लावलं आणि एक मिनिट श्वास मोजले. सव्वीस. अर्ध्या तासाने परत मोजले. चोवीस, आणि काका जागे होते.